गोधडीची कड: दमट हवेत टिकेल असा गोट

दापोलीजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाईंची दोन सुती लुगडी वर-खाली आणि मधे तीन जुन्या साड्या, अशी पाच थरांची गोधडी त्यांनी शिवली. माप पाच फूट बाय साडेसात फूट. धावदोरा सगळा हाताने घातला, आणि आता कडेपाशी काम अडलं आहे. एका लांब बाजूला लाट आली आहे, कोपरे काटकोनात बसत नाहीत. शेजारीण म्हणते, बाजारातून सॅटीनची तयार पट्टी आण आणि शिंप्याकडून मशीनवर मारून घे, अर्ध्या तासात मोकळी होशील. ताईंनी पट्टी आणूनही ठेवली आहे. लावावी का?

नका लावू. रुखवतात मांडायच्या गोधडीला ती शोभेल, अंगावर घ्यायच्या गोधडीला नको. तयार सॅटीन बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं. ते पाणी पीत नाही, आटत नाही, झिजत नाही. आणि तुमची लुगडी वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेली. दोघांना मशीनच्या बारीक, घट्ट टिपेने बांधलंत तर ओढाताणीत हरणार ते लुगडंच. पट्टी नवीच्या नवी राहते आणि टिपेच्या लगत लुगडं सरळ रेषेत फाटत जातं. अशी गोधडी दुरुस्तीला आली की नुसता गोट, म्हणजे कडेवरून वळवून शिवलेली पट्टी, उसवून भागत नाही, कडेचं दोन बोटं कापड कापून टाकावं लागतं. माप चारी बाजूंनी लहान होतं.

गोट मजबूत हवा असं सगळे म्हणतात. माझं मत वेगळं आहे. गोट हा गोधडीतला सगळ्यात आधी झिजणारा भाग, आणि तो तसाच असू द्यावा. मूळ कापडापेक्षा तो चिवट नको, जाड तर नकोच, आणि काही वर्षांनी उसवून नवा लावता येईल असा हवा. देशावर एवढा विचार नाही केला तरी निभतं. आपल्याकडे निभत नाही, त्याला कारण आपला पाऊस.

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरतो. सुती कापडाला बुरशी धरायला एवढं पुष्कळ झालं. गोधडीचा मधला भाग अंगाच्या उबेने, पंख्याच्या वाऱ्याने कोरडा होत राहतो. कड होत नाही, कारण तिथे थर जास्त आणि ते दाबून शिवलेले. श्रावणात एकदा करून बघा. गोधडीच्या मधोमध तळवा ठेवा, मग कड चिमटीत धरा. कड गार लागते. कुबट वास तिथून सुरू होतो, काळे ठिपके आधी तिथे येतात, दोराही तिथलाच कुजतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला, त्यानंतर धुऊन वाळवलेल्या काही गोधड्या माझ्याकडे आल्या होत्या. मधला भाग ठीक होता. ज्यांना दुहेरी, दोन पदरी पट्टीचा गोट होता त्यांच्या कडा मात्र आतून काळ्या पडल्या होत्या; ज्यांना एकेरी, एकपदरी पट्टीचा गोट होता त्या वाचल्या.

म्हणून कोकणात गोट लावायचा तर पहिला प्रश्न रंगाचा नाही, थर किती होतात याचा. मोजून बघू. तुमची गोधडी पाच थरांची. शिवणाच्या पुस्तकांत आणि हल्लीच्या व्हिडिओत सहसा दुहेरी गोट सांगतात: पट्टी लांबीत दुमडून दोन पदरी करायची आणि मग लावायची. पुढच्या अंगाला पट्टीचे दोन आणि आत दबलेल्या शिलाईचे दोन, मागच्या अंगाला आणखी दोन. म्हणजे सहा थर गोटाचेच, गोधडीचे पाच धरून अकरा. एकेरी गोट लावला तर चार अधिक पाच, नऊ. आता आतल्या तीन साड्यांपैकी दोन कडेपासून अर्धा इंच आत कापल्या, तर गोधडीचे तीनच थर कडेला येतात आणि एकूण सात होतात. गोटासाठी लुगड्याचा काठ वापरला तर त्याची विणलेली किनार दुमडावी लागत नाही, आणखी एक थर कमी. सहा. अकरा आणि सहा यांच्यात वाळायच्या वेळेचा जो फरक पडतो तो आषाढात कळतो.

आतले तिन्ही थर मात्र कापू नका. गोट आतून पोकळ राहिला तर त्याची दुमड लोळते, घासली जाते आणि लवकर भोकं पडतात. एक थर आत भरीला हवाच.

आता तुमची लाट. गोट लावून लाट दाबली जाईल असं वाटतं, पण होतं उलट. आधी कड सपाट करायची, मग गोट. लाट का आली ते सांगते. धावदोरा मधे दाट पडला आहे आणि कडेकडे येताना, हात थकल्यामुळे म्हणा किंवा घाईमुळे, विरळ झाला आहे. दाट टाक्यांनी कापड आक्रसतं, विरळ टाक्यांनी तेवढं आक्रसत नाही. त्यामुळे मधली लांबी कमी झाली आणि कडेची तशीच राहिली. शिवाय एवढी जड गोधडी मांडीवरून खाली लोंबत असेल तर कड स्वतःच्या वजनाने ताणली जाते. झोपाळ्यावर बसून गोधडी शिवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दिसायला छान दिसतं, कडेला मात्र वाईट. खाली बसा आणि गोधडी पूर्ण जमिनीवर पसरू द्या.

माजघरात किंवा हॉलमध्ये लाद्या असतील तर काम सोपं. लाद्यांच्या सांध्याची रेघ हीच तुमची पट्टी. गोधडी पसरून हाताने बाहेरच्या बाजूला सारखी करा, ओढू मात्र नका. मग मापं कडेवरून घ्यायची नाहीत, मधून घ्यायची. लांबी मधोमध एकदा, आणि दोन्ही कडांपासून फूटभर आत एकेकदा. तिन्हींची सरासरी ही तुमच्या गोधडीची खरी लांबी. रुंदीचंही तसंच. समजा मधली लांबी ८८ इंच भरली आणि लाटेची कड ९० भरली, तर ते दोन इंच कडेत जिरवायचे आहेत. कापायचे नाहीत. त्यासाठी कडेपासून पाव इंचावर एक लांब टाक्यांचा धावदोरा घाला, दोऱ्याचं टोक मोकळं सोडा, आणि हळूहळू ओढत दोन इंच त्या बाजूभर सारखे पसरवा. एकाच ठिकाणी चुणी आली तर ती गोटातूनही दिसते. पसरवलेली दिसत नाही, पहिल्या धुण्यानंतर तर अजिबात नाही. फरक चार इंचांच्या वर असेल तर ही युक्ती पुरी पडत नाही. मग विरळ भागात आणखी चार-सहा ओळी धावदोरा घालून या, कड आपोआप आत येईल.

कोपरे तपासायला सुतळी घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणा, खूण करा, मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावा. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट बरोबर. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला ते १०८ इंचांच्या किंचित वर येतात. इंचभर फरक असेल तर सोडून द्या, हाताची गोधडी आहे. जास्त असेल तर लादीच्या रेघेवर ठेवून शिंप्याच्या खडूने नवी रेघ मारा. कापण्याआधी त्या रेघेच्या आतून चारी बाजूंनी एक धावदोरा फिरवून घ्या, म्हणजे कात्री लागल्यावर थर सरकत नाहीत. मग कापा, आणि वरचं लुगडं उचलून आतल्या दोन साड्या अर्धा इंच छाटा. ज्या ठिकाणी जुना धावदोरा कडेपर्यंत आला असेल तिथे त्याचं टोक उसवून दोन टाके मागे घेऊन बांधा, नाहीतर कापलेलं टोक हळूहळू आतपर्यंत सुटत येतं.

हे एवढं झालं की निम्मं काम झालं.

गोटाचं कापड. लुगड्यांचे काठ तुम्ही आधीच कापून बाजूला ठेवले असतील असं धरते, आपल्याकडे बहुतेक बायका ठेवतात. नऊवारी म्हणजे ३२४ इंच. तुमच्या गोधडीचा घेर ३०० इंच. कोपरे आणि शेवटचा जोड यांत दहा-बारा इंच जातात. म्हणजे एकाच लुगड्याचा एकच काठ, कुठेही सांधा न घेता, सबंध गोधडीला पुरतो आणि वर वीतभर उरतो. पाच बाय साडेसात या मापाला मी म्हणूनच धरून असते. काठ गोधडीतच शिवून गेले असतील तर सहावारी सुती साडीचा घ्या, पण तो २१६ इंच भरतो, त्यामुळे साडीचे दोन्ही काठ लागतील आणि दोन सांधे येतील.

लुगड्याच्या दोन काठांपैकी पायाशी लोळलेला काठ सहसा जास्त झिजलेला असतो, कमरेकडचा बरा. दोन्ही उजेडासमोर धरा. जिथे काठ संपून अंगाचं कापड सुरू होतं त्या रेषेवर उजेड आरपार दिसला तर तो भाग नको. दोन्ही हातांनी आडवा ताणून बघा, चर्र आवाज आला तर अजिबात नको. जरीचा काठ अंगावरच्या गोधडीला लावू नये, टोचतो आणि खाऱ्या हवेत काळा पडतो. इरकलीसारख्या चमकदार काठाचं नीट बघा. तो सुती नसतो, रेशमाचा किंवा रेयॉनचा असतो, आणि रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद घटते. ओल्या गोधडीचं सगळं वजन पिळताना आणि वाळत घालताना कडेवरच येतं. तेव्हा त्याला हौस म्हणून डोक्याकडच्या बाजूला आतल्या अंगाने चिकटवा हवं तर, गोट म्हणून नको.

काठ पावणेदोन इंच रुंदीत कापा. काठ अरुंद असेल तर लगतचं लुगड्याचं कापडही त्या मापात येऊ द्या. हा गोट नेहमीच्या उलट लावायचा. कापलेली बाजू गोधडीच्या मागच्या अंगाला, कडेशी कड जुळवून, अर्ध्या इंचावर शिवायची. मग काठ कडेवरून पुढे आणायचा आणि विणलेली किनार न दुमडता पुढच्या अंगावर हेम घालून बसवायची. काठ दर्शनी बाजूला दिसतो आणि दुमडीचा थर वाचतो.

काठ मिळालाच नाही तर साधं सुती पॉपलीन किंवा केंब्रिक घ्या. मांजरपाट नको, लुगड्यापुढे फार राठ होतो. नवं कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन तरी आटतं, कधी जास्त. तुमच्या ३०० इंचांच्या घेरात ते नऊ इंच झाले. न भिजवता लावलेला गोट पहिल्या धुण्यानंतर गोधडीला नाडी ओढल्यासारखा गोळा करतो. रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कापा. लाल, मरून, गर्द निळा असेल तर ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघा. मीठ-तुरटीच्या पाण्याने रंग पक्का होतो असं आपल्याकडे सांगतात, हल्लीच्या तयार रंगांना त्याचा उपयोग होत नाही. सुटा रंग धुवूनच घालवावा लागतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर दुसरं कापड निवडा.

दुमडायच्या पट्टीची रुंदी सव्वादोन इंच. ४४ इंच पन्ह्याच्या कापडाच्या आडव्या पट्ट्या काढल्या तर आठ लागतात, म्हणजे १८ इंच कापड. अर्ध्या मीटरमध्ये बसतं, पण आटणं आणि कापड सरळ करणं धरून पाऊण मीटर आणा. पट्ट्या एकमेकींना तिरक्या शिलाईने जोडा. सरळ जोडल्या तर सगळा जाडपणा एकाच ठिकाणी येतो, आणि नेमकी तिथे कड वाळत नाही. उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली पट्टी घ्यावी का, असं कोणीतरी विचारेलच. उरेब जास्त टिकतो हे खरं आहे, कारण दुमडीवर एकच धागा सलग घासला जात नाही, तिरके धागे झीज वाटून घेतात. पण तो ताणला जातो, आणि तुमच्या कडेला आधीच लाट आहे. गोल कोपऱ्यांना उरेबच लागतो. सरळ कडेला सरळ पट्टी बरी.

दोरा सुती घ्या. पॉलिस्टरचा तुटत नाही म्हणून लोक घेतात. जुन्या कापडात मला तुटणाराच हवा असतो, कारण दोरा तुटला नाही तर कापड तुटतं, आणि दोरा परत घालता येतो. हातभर लांबीचाच घ्या, मेणावरून एकदा ओढा, म्हणजे दमट हवेत गुंता कमी होतो आणि दोरा कापडात सरकतो. सुई मध्यम, दाभण नको. टाचण्या लावून रात्रभर ठेवू नका. खाऱ्या हवेत सकाळपर्यंत गंजाचे ठिपके उमटतात, आणि ते बरोबर गोटाच्या लगत. कच्चे टाके घाला. ठिपका पडलाच तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा. आमसुलाचं आगळही आंबट म्हणून कोणी सुचवील. त्याने गंज जाईल, पण आगळाचा लाल डाग राहील.

शिवायला सुरुवात कोपऱ्यापासून करू नका, एका लांब बाजूच्या मधून करा आणि सुरुवातीची आठ-दहा इंच पट्टी मोकळी सोडा. धावदोरा घालताना दर चौथ्या टाक्याला एक उलटी टीप घ्या. त्यामुळे मधे कुठे दोरा तुटला तरी सगळी बाजू सुटत नाही. पट्टी ओढायची नाही आणि ढिलीही सोडायची नाही. सगळ्यात खात्रीचा मार्ग असा: मघाशी मधून घेतलेलं माप पट्टीवर आधीच खडूने आखून घ्या, आणि गोधडीची बाजू त्या खुणांत बसवा. पट्टी सांगेल तसं गोधडीने वागायचं.

कोपऱ्याला बायका घाबरतात, पण हाताने शिवताना तो मशीनपेक्षा सोपा जातो. एका बाजूने शिवत आलात की टोकाला अर्धा इंच शिल्लक असताना थांबा, दोन टाके मागे घेऊन दोरा पक्का करा. गोधडी फिरवा. पट्टी कोपऱ्यापासून सरळ वर, बाहेरच्या दिशेला उभी करा, म्हणजे तिच्या मुळाशी तिरकी घडी पडेल. आता ती घडी बोटाने दाबून धरून पट्टी परत खाली आणा. वरची दुमड गोधडीच्या कडेशी अगदी समपातळीत हवी. तिथूनच, कडेपासून, पुढची बाजू शिवायला घ्या. पट्टीचा जो त्रिकोण उभा राहतो तो शिवू नका, मोकळाच ठेवा. गोट पलटून दुसऱ्या अंगाला आणला की पहिल्या अंगाला तिरकी रेघ आपोआप पडते. दुसऱ्या अंगाला घडी विरुद्ध बाजूने घाला, म्हणजे दोन्हींचा जाडपणा एकावर एक येत नाही. पलटण्याआधी गोधडीच्या कोपऱ्याचं टोक तिरकं, नखाएवढं, कापून टाका. शिलाईपर्यंत कात्री नेऊ नका. शेवटी तिरक्या घडीवर तीन-चार बारीक टाके घाला, नाहीतर लहान मुलं त्यात बोट घालतात आणि मग पाय.

शेवटचा जोड तिरकाच घ्या. सुरुवातीच्या मोकळ्या टोकाला तिरकी दुमड द्या, शेवटचं टोक तिच्या आत इंचभर सारून दोन्ही एकत्र शिवा. जोड डोक्याच्या बाजूला कधी येऊ देऊ नये, तिथे हात सारखा लागतो.

पलटलेल्या बाजूचं हेमिंग इंचाला सहा-सात टाके एवढं पुरे. सुई फक्त वरच्या लुगड्यातून आणि जरा आतल्या थरातून जाऊ द्या, आरपार नको. गाठ कडेला ठेवू नका, सुई दोन बोटं आतून घालून गाठ थरांत ओढून घ्या. टाके अगदी घट्ट आवळले की कड कडक होते आणि पाणी धरून ठेवते.

मशीनबद्दल. हात दुखत असतील, नजर साथ देत नसेल, तर पहिली शिलाई मशीनवर घाला, मी काही सोवळं पाळत नाही. १६ नंबरची सुई, लांब टाका, आणि मशीनच्या पायाचा दाब कमी करून. दाब जास्त असला की वरचा थर पुढे ढकलला जातो आणि नवी लाट येते. पण दुसरी बाजू हातानेच हेम करा. दोन्ही बाजू मशीनने मारलेला गोट उसवायला बसलात की मला काय म्हणायचं होतं ते कळेल.

गोट हा एकच मार्ग नाही, हेही सांगायला हवं. खालचं लुगडं दोन इंच मोठं ठेवून तेच पुढे वळवायचं, ही आपल्याकडची जुनी आणि सोपी पद्धत. वेगळं कापड लागत नाही. तिचा तोटा एवढाच की कड झिजली म्हणजे अस्तरच झिजलं, बदलणार काय? वर-खालची दोन्ही लुगडी आत दुमडून कडेने दोनदा धावदोरा घालणं हे सगळ्यात पातळ काम. आतले थर मागे छाटले तर कडेला चारच थर राहतात. बाळाच्या दुपट्याला मी हेच करते. तिथे गोट, मणी, लेस, सॅटीन काहीही नको. बाळ कड तोंडात घालतं. कडेला त्रिकोणी कंगोरे लावायची हौस असते काहींना. दिसतात सुंदर. प्रत्येक कंगोऱ्यात चार घड्या असतात आणि पावसात त्या प्रत्येकात ओल राहते, त्यामुळे मी ते फक्त भिंतीवर लावायच्या कामाला करते.

सह्याद्रीपलीकडे उत्तर कन्नडमध्ये, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला, सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात, त्यांची रीत मला फार हुशारीची वाटते. त्या कडेपासूनच सुरुवात करतात. एका कोपऱ्यातून निघून, कापडाची कड आत दुमडत, धावदोऱ्याने चौकोनी फेऱ्या घेत मधे जातात आणि मध्यावर संपवतात. कड पहिल्याच फेरीत बंद झालेली असते, नंतर गोट लावायचा प्रश्नच नाही, आणि लाट आलीच तर ती मधे येते, कडेला नाही. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात, त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. तुमची ही गोधडी आता त्या रीतीने होणार नाही, पण पुढची त्याच क्रमाने घेऊन बघा.

एक जादा काम मात्र या गोधडीला करा. डोक्याकडच्या बाजूला केसांचं तेल, हनुवटीचा घाम लागून कड सगळ्यात आधी मळते. तिथे सहा इंच रुंदीची मऊ सुती पट्टी गोटावरून दोन्ही अंगांना वळवून, लांब-लांब टाक्यांनी नुसती अडकवा. मळली की दोरा ओढून काढायची, धुवायची, परत लावायची. सबंध गोधडी वर्षातून एकदा धुतली तरी चालते मग. ही पट्टी गर्द रंगाची घ्या, घरात मुलं असतील तर नक्कीच. मे महिन्यात काजूची बोंडं खाऊन तेच हात गोधडीला पुसले जातात, आणि बोंडाचा डाग कशानेही जात नाही.

धुण्याचं फार सांगत नाही, कडेपुरतं सांगते. रिठ्याचं पाणी उत्तम. साबण वापरलात तर कडेतून तो पूर्ण निघाला पाहिजे, गोट चिमटीत दाबून फेस येतो का बघा. पेजेची खळ कडेला देऊ नका. पट्टी कापायला कडक हवी म्हणून दिली असेल तर शिवून झाल्यावर धुऊन टाका, तिच्यावर बुरशी धरते आणि झुरळंही येतात. समुद्राच्या तोंडाला अंगण असेल तर खाऱ्या वाऱ्यात दिवसभर गोधडी टांगू नका. कापडावर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि वाळलेली गोधडी संध्याकाळी पुन्हा ओलसर लागते. घराच्या आडोशाला, वळणीवर दुहेरी न टाकता दोन वळणींवर पसरून वाळवा, आणि कड खाली लोंबत असेल तर तासाभराने फिरवा, कारण पाणी तिथेच उतरतं. घडी घालण्याआधी पुन्हा चिमटीची परीक्षा. गार लागली तर अजून वाळलेली नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधी ठेवू नका.

पुढे गोट झिजला तर सबंध काढायची गरज नसते. बहुतेक वेळा डोक्याकडची बाजू आणि दोन कोपरे एवढंच जातं. तेवढाच भाग उसवा, शेजारच्या बाजूने तीन-चार इंच आत जाऊन, आणि नवी पट्टी तिरक्या जोडाने मधे बसवा. रंग जुळत नाही म्हणून अडून बसू नका. जुळायला हवाच असेल तर त्या काठाचा उरलेला वीतभर तुकडा आणि दुसऱ्या लुगड्याचा काठ आताच गोधडीबरोबर धुऊन, तिच्याच घडीत ठेवून द्या, म्हणजे दोन्ही सारखेच विटतील.

आणि वेळेचं. हे काम मिरगाच्या आत होत असेल तरच आता हात घाला. कड सारखी करणं आणि कच्चे टाके एवढंच होऊन पाऊस लागला, तर तिथेच थांबा. अर्धवट गोटाची गोधडी घडी घालून पेटीत ठेवू नका, कच्च्या टाक्यांनिशी रोज वापरा. गोटाची पट्टी कोरड्या डब्यात राहू द्या. दिवाळीनंतर ऊन पडलं की एकदा सगळं धुऊन, मापं पुन्हा मधून घेऊन, मग लावायला बसा.